रेडिओ उपकरणाचा अडॅप्टर: वर्गीकरणात या चुका टाळा

युरोपला पाठवायचा राउटर तिथल्या नियमांच्या टेस्टमध्ये अडकला की सगळे आधी अँटेनाकडे बघतात. माझा पहिला संशय अडॅप्टरवर असतो. तो कोणत्या खात्यात मांडायचा हे न ठरवताच टेस्ट प्लॅन लिहिला की पुढचा घोळ ठरलेलाच.

अडॅप्टरला सरसकट रेडिओ उपकरण समजू नका. ज्यात रेडिओच नाही असा सुटा विकला जाणारा अडॅप्टर २०१४/५३/ईयू या रेडिओ डायरेक्टिव्हखाली (डायरेक्टिव्ह म्हणजे युरोपियन युनियनचा कायदा) येत नाही. त्याला लो व्होल्टेज डायरेक्टिव्ह २०१४/३५ आणि ईएमसी (उपकरणांनी एकमेकांच्या कामात विद्युत अडथळा न आणणं) डायरेक्टिव्ह २०१४/३० लागतात. तोच राउटरच्या खोक्यात गेला, की दोघांची सुरक्षितता आणि ईएमसी रेडिओ डायरेक्टिव्हखाली एकत्र तपासायची. म्हणून लॅबला पहिला प्रश्न हा विचारा: गिऱ्हाइकाच्या हातात नेमकं काय पडणार? वायरलेस चार्जिंग पॅडची गोष्ट बरोबर उलटी. तो दिसतो साध्या चार्जरसारखा, पण फोनशी मुद्दाम रेडिओ लहरींतून बोलत असेल तर रेडिओ उपकरणच.

खोक्यात गेल्याने अडॅप्टर इकोडिझाइनमधून, म्हणजे वीज-बचतीच्या नियमांतून, मात्र सुटत नाही. नियम २०१९/१७८२ हा १ एप्रिल २०२० पासून लागू आहे आणि घरगुती व ऑफिसच्या उपकरणांच्या २५० वॅटपर्यंतच्या अडॅप्टरना धरतो. इथे शब्दांचा सापळा आहे. लो व्होल्टेज डायरेक्टिव्हमध्ये ‘लो’ म्हणजे एसी ५० ते १००० व्होल्ट, त्यामुळे २३० व्होल्टवर चालणारा अडॅप्टर त्यात बसतो. इकोडिझाइनमध्ये तोच शब्द आउटपुटसाठी आहे: ६ व्होल्टपेक्षा कमी आणि किमान ५५० मिलिअँपिअर. म्हणजे ५ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर त्या गटात, पण ५ व्होल्ट ५०० मिलिअँपिअरचा नाही. या दुसऱ्याला कार्यक्षमतेचं वेगळं, अधिक कडक सूत्र लागतं. नेमप्लेट (अडॅप्टरवर छापलेले आकडे) न वाचता गट टाकणारे इथेच फसतात.

‘क्लास’ या शब्दाची तर खिचडीच होते. क्लास बी ही ईएन ५५०३२ या युरोपीय मानकातली उत्सर्जनाची, म्हणजे उपकरण बाहेर टाकत असलेल्या विद्युत गोंगाटाची मर्यादा. क्लास टू म्हणजे दुहेरी इन्सुलेशन, चौकोनात चौकोन असलेलं चिन्ह. पीएस२ हा आयईसी ६२३६८-१ या सुरक्षा मानकातला वीजस्रोताचा वर्ग. तिघांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. पीएस वर्ग नेमप्लेटवरून ठरवणं ही माझ्या मते सगळ्यात महागडी चूक. १२ व्होल्ट १ अँपिअर वाचून १२ वॅट, म्हणजे १५ वॅटच्या आत, म्हणून पीएस१ असं लिहून मोकळं होता येत नाही. अडॅप्टरमध्ये एखादा बिघाड झाल्यावर आउटपुटला जास्तीत जास्त किती वॅट मिळू शकतात ते मोजायचं असतं, पीएस१ साठी ३ सेकंदांनंतर आणि पीएस२ च्या १०० वॅटसाठी ५ सेकंदांनंतर. बारा वॅटचा अडॅप्टर त्या वेळी वीस वॅट देत असेल तर वर्ग बदलतो, आणि उपकरणाच्या आतल्या आग-संरक्षणाची अख्खी मांडणीही.

पोर्टचंही, म्हणजे केबल जोडायच्या जागेचंही, तसंच. खास त्याच उपकरणासाठीचा अडॅप्टर असेल आणि त्याची डीसी केबल ३ मीटरपेक्षा लहान असेल, तर ईएन ३०१ ४८९-१ या रेडिओ उपकरणांच्या ईएमसी मानकानुसार कंडक्टेड (तारेतून जाणारं) उत्सर्जन अडॅप्टरच्या एसी बाजूला मोजतात. केबल ३ मीटरपेक्षा लांब असली की डीसी पोर्टही यादीत येतो. ही केबल किती लांब, हे फोटोवरून ठरवू नका, टेपने मोजा.

आता टेस्ट फेल झालीच असेल तर? कंडक्टेडच्या १५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झमध्ये उत्सर्जनाच्या आलेखाची रेघ मर्यादेच्या वर गेली असेल, तर उपकरण काढून अडॅप्टरला तेवढाच रेझिस्टिव्ह लोड (तितकीच वीज खाणारा साधा रोधक) लावा. रेघ तशीच राहिली तर दोषी अडॅप्टर. उतरली तर उपकरणाचा डीसी-डीसी कन्व्हर्टर (आतला व्होल्टेज बदलणारा भाग) किंवा ग्राउंड तपासा. रेडिएटेडमध्ये (हवेतून जाणाऱ्या उत्सर्जनात) फेल असेल तर शक्य असल्यास बॅटरीवर चालवून बघा. मगच डीसी केबलवर फेराइट (गोंगाट अडवणारं चुंबकीय कडं) चढवा, आधी नाही. फेराइटने रिपोर्ट पास होतो. पण तो फेराइट खोक्यातल्या केबलवरही हवा, हे खरेदी विभागाला कोणीतरी सांगावं लागतं.

रिपोर्टमध्ये अडॅप्टरचं मॉडेल पूर्ण लिहा. सहा महिन्यांनी पुरवठादार दुसरा अडॅप्टर ‘अगदी तसाच’ म्हणून पाठवतो, तेव्हा कशाची नव्याने टेस्ट करायची हे त्याच एका ओळीवरून ठरतं.