नाताळची भेट घेण्याआधी बारीक अक्षरं वाचा

दोन वर्षांपूर्वी नाताळसाठी मी एक कॉफीचा मग घेतला. खोक्यावर ठळक छापलं होतं, ‘तुमच्या खरेदीतून मुलांच्या शिक्षणाला मदत’. घरी आल्यावर खोकं उलटं केलं, तर तळाला बारीक अक्षरांत, ‘उत्पन्नातील काही भाग’. काही म्हणजे किती? आणि कोणत्या संस्थेला? कंपनीला ईमेल केला. उत्तर आलं, पण त्यात ना आकडा होता ना संस्थेचं नाव. मला फार वाईट वाटलं.

तेव्हापासून मी तीन गोष्टी शोधते: संस्थेचं नाव, ठरलेली रक्कम किंवा टक्केवारी, आणि ती टक्केवारी विक्रीवर आहे की नफ्यावर. हा शेवटचा फरक मोठा आहे. विक्रीवर दहा टक्के असतील तर तुम्ही मोजलेल्या पैशातले दहा टक्के नक्की जातात. नफ्यावर असतील आणि नफाच झाला नाही, तर काहीच जात नाही. काही कंपन्या ‘अमुक रकमेपर्यंत’ अशी मर्यादाही घालतात. ती गाठली गेली की तुमच्या खरेदीने संस्थेच्या पदरात काही पडत नाही. म्हणून जमेल तेव्हा मी थेट संस्थेच्याच दुकानातून घेते.

संस्थांच्या मदतीसाठी विकल्या जाणाऱ्या शुभेच्छापत्रांची परंपरा तर जुनी आहे. १९४९ साली चेकोस्लोवाकियातल्या एका ७ वर्षांच्या मुलीने मदतीबद्दल आभार म्हणून चित्र काढलं आणि ते युनिसेफचं पहिलं शुभेच्छापत्र झालं. त्याच्याही आधी, १९०४ मध्ये, डेन्मार्कमधले टपाल कर्मचारी आयनार होल्बेल यांच्या कल्पनेतून नाताळच्या पत्रांवर लावायचं जादा तिकीट निघालं. त्याचे पैसे क्षयरोगाशी लढण्यासाठी होते. घरात पत्रं लिहिणारं कुणी असेल तर कार्डांचा संच ही अजूनही उत्तम भेट आहे.

कुणाच्या तरी नावाने शेळी, कोंबड्या किंवा गाय ‘देण्याची’ कार्डं मिळतात, त्यांच्याबद्दल मात्र नीट सांगायला हवं. मी आत्याला शेळीचं कार्ड दिलं होतं. तिने ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, “अगं, पण ही शेळी गेली कुणाकडे?” मला सांगता येईना. नंतर अटी वाचल्या. बहुतेक संस्था स्पष्ट लिहितात की चित्रातली शेळी हे उदाहरण आहे, पैसे त्या प्रकारच्या कामाच्या एकत्रित निधीत जातात. यात फसवणूक नाही, कारण जिथे चाऱ्याची किंवा लसीची गरज आहे तिथे पैसे वळवता येतात. फक्त भेट देताना हे आपण सांगावं. गरजू कुटुंबांना जनावरं देणाऱ्या हेफर इंटरनॅशनल या संस्थेने १९४४ मध्ये कालवडींची पहिली खेप पोर्तो रिकोला पाठवली, तेव्हापासून त्यांची रीत अशी की मिळालेल्या जनावराचं पहिलं मादी पिल्लू त्या कुटुंबाने दुसऱ्या गरजू कुटुंबाला द्यायचं. अशी माहिती कार्डासोबत दिली की त्या कार्डात जीव येतो.

कॉलेजात जाणाऱ्या भाच्याला मी किवाचं गिफ्ट कार्ड दिलं. २००५ साली सुरू झालेल्या या संस्थेतर्फे छोट्या व्यावसायिकांना कर्ज देता येतं. कर्ज कुणाला द्यायचं ते त्याने स्वतः निवडलं. परतफेड झाली की तेच पैसे पुन्हा दुसऱ्याला देता येतात. परतफेड होईलच अशी खात्री नसते आणि कर्ज देणाऱ्याला व्याज मिळत नाही, हे त्याला आधीच सांगितलं.

संस्था तपासताना वार्षिक अहवाल आणि लेखापरीक्षण बघा. पण ‘प्रशासकीय खर्च’ दिसला म्हणून लगेच नाक मुरडू नका. हिशेब ठेवणाऱ्यालाही पगार लागतोच.

भेट कुणाला देतोय हे तर आधी बघायचं. आत्याने आयुष्यभर शाळेत शिकवलं. पुढच्या नाताळला मी तिच्या नावाने एका शाळेच्या वाचनालयाला पुस्तकं दिली, पुस्तकांची यादी हाताने लिहून काढली आणि सोबत एक कापडी बुकमार्क ठेवला. तिने चष्मा लावून यादी वाचली आणि पेन मागून तळाशी आणखी दोन नावं लिहिली.