शनिवार-रविवारसाठी ‘मॉडर्न क्लासिक’ मोटार: पुण्यात निवड करताना

साधारण १९८५ ते २००५ या काळात भारतात विकल्या गेलेल्या काही मोटारींचा घसारा आता थांबला आहे आणि त्यांतल्या चांगल्या राखलेल्या गाड्यांना मूळ किमतीच्या तुलनेत लक्षणीय भाव मिळू लागला आहे; त्यांनाच इथे ‘मॉडर्न क्लासिक’ म्हटले आहे. पुण्यातल्या हौशी माणसाला या मोटारींची ओढ वाटणे स्वाभाविक आहे, कारण टाटा सिएरा इथेच घडली आणि भारतात तयार झालेली पहिली मर्सिडीज, म्हणजे डब्ल्यू १२४, हीदेखील १९९५ पासून पिंपरीतच जुळवली जात होती. मात्र भाव वाढतो तो मॉडेलच्या नावामुळे नव्हे, तर समोर उभ्या असलेल्या त्या एका गाडीच्या पत्र्यामुळे, मूळ सुट्या भागांमुळे आणि कागदपत्रांमुळे. म्हणून निवडीचा क्रम कागद, पत्रा, दुर्मीळ भाग आणि सर्वांत शेवटी इंजिन असा ठेवावा, असे माझे ठाम मत आहे.

कागदांपासून सुरुवात करण्याचे कारण व्यावहारिक आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळण्यासाठी गाडी ५० वर्षांहून जुनी असावी लागते. त्यामुळे १९९५ ची मर्सिडीज किंवा १९९८ ची जिप्सी कायद्याच्या दृष्टीने साधी जुनी खासगी मोटारच राहते. १५ वर्षांनंतर तिची नोंदणी दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकृत करावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो आणि २०२५ च्या बदलानंतर २० वर्षांवरील मोटारीचे नूतनीकरण शुल्कच १०,००० रुपये झाले आहे. याची चांगली बाजू अशी, की व्हिंटेज नोंदणीच्या गाडीवर नियमित वापराबाबत जी बंधने येतात, ती हिच्यावर येत नाहीत. दर रविवारी मुळशीला जाऊन यायला कोणाची आडकाठी नाही. आरसीवरील चासी क्रमांक आणि गाडीवर ठोकलेला क्रमांक स्वतः टॉर्च लावून जुळवून पाहावा, इंजिन बदललेले असल्यास त्याची आरसीवर नोंद झाली आहे का ते तपासावे आणि जुन्या कर्जाचा बोजा उतरलेला आहे याची खात्री करावी. अनेकदा कर्ज फिटून वीस वर्षे झालेली असतात, पण फॉर्म ३५, म्हणजे बोजा उतरवण्यासाठी आरटीओत द्यायचा अर्ज, कोणी सादर केलेला नसतो, आणि कर्ज देणारी कंपनी मधल्या काळात बंद पडली असेल तर तो बोजा उतरवणे फार कष्टाचे होते.

दिल्लीतील जुन्या गाड्यांवरच्या निर्बंधांमुळे तिकडून स्वस्तात आलेल्या मोटारी पुण्याच्या बाजारातही दिसतात. त्या मुळात वाईट असतात असे नाही. परंतु ना-हरकत प्रमाणपत्र, महाराष्ट्राचा कर आणि इथल्या आरटीओतील पुनर्नोंदणी हे सारे पूर्ण होऊन गाडीला महाराष्ट्राचा क्रमांक मिळाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. मला विचाराल तर सुरुवातीपासून एमएच-१२ किंवा एमएच-१४ वर असलेली, एक किंवा दोनच मालकांची गाडी थोडी महाग मिळाली तरी घ्यावी. तिचा इतिहास विचारून कळतो, आणि पुढे विकतानाही तोच इतिहास उपयोगी पडतो.

आता पत्र्याकडे वळू. पुण्याची हवा समुद्रकाठच्या मानाने कोरडी असल्याने इथे वाढलेल्या गाड्यांचा पत्रा मुंबई-कोकणातल्या गाड्यांपेक्षा बरा राहतो, मात्र पावसाळ्यात उघड्यावर राहिलेल्या गाडीला हे लागू नाही. डिकीतील गालिचा उचलून स्टेपनीचा खळगा पाहावा, दारांच्या खालच्या कडेवरून आतल्या बाजूने बोट फिरवावे, पुढच्या काचेच्या रबराखाली रंग फुगला आहे का ते पाहावे. नंतर एक साधे लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळून फेंडर, दारे आणि सिलवर, म्हणजे दारांखालच्या पट्टीवर, टेकवत जावे. जिथे ते धरत नाही तिथे खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे असे समजावे. दाराच्या एका कोपऱ्यात थोडी लांबी असणे क्षम्य आहे. सिलमध्ये किंवा सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडले जाते तिथे ती आढळली, तर मात्र किंमत कितीही कमी केली तरी गाडी सोडून द्यावी. ताजा, चकचकीत रंग पाहून भुलू नये. चार ठिकाणी उडालेला कंपनीचा मूळ रंग जाणकार ग्राहकाला नव्या रंगापेक्षा अधिक मोलाचा वाटतो.

इंजिनाचे काम पुण्यात होते. भोसरी-चिंचवडच्या पट्ट्यात बोअर करणारे, बुश वळवून देणारे, शाफ्ट घासून देणारे कारागीर आहेत, आणि बारीकसारीक वस्तू नाना पेठेत किंवा जुन्या बाजारात हाती लागतात. जे कुठेच घडवून मिळत नाही ते म्हणजे काचा, रबरे, दिवे, डॅशबोर्डचे प्लॅस्टिक आणि आतले मूळ कापड. सिएराचे उदाहरण पाहा: तिचे डिझेल इंजिन आणि बरीच यंत्रणा टाटा मोबाइल या पिकअप गाडीच्या घराण्यातली असल्याने सुटे भाग जमतात, पण मागच्या बाजूची ती वळून छतात जाणारी मोठी काच फुटली तर शोध कुठपर्यंत न्यावा लागेल हे सांगता येत नाही. म्हणून सिएरा पाहताना आधी त्या दोन काचा आणि त्यांची रबरे तपासावीत. १९८४ ते २००२ या काळातील कॉन्टेसाची गोष्टही तशीच आहे, इसुझूचे १.८ लिटर पेट्रोल इंजिन चालते करता येते, क्रोमच्या पट्ट्या आणि दिवे मिळणे अवघड. मर्सिडीजच्या बाबतीत वेगळी काळजी घ्यावी. त्या वर्षांतील पेट्रोल इंजिनांवरच्या वायरिंगचे आवरण काळाने ठिसूळ होते, त्यामुळे बॉनेट उघडून वायर दोन बोटांत हलकेच वाकवून पाहावी. आवरणाचा चुरा पडला तर संपूर्ण वायरिंगचा खर्च किमतीतून वजा करायला हवा.

पहिल्यांदाच अशी गाडी घेणाऱ्याला मी जिप्सी सुचवेन. १९८५ पासून २०१८-१९ पर्यंत ती बनत राहिली, तिचे भाग मुबलक आहेत आणि साधा फिटरही ती समजू शकतो. तिला भाव मिळतो तो मात्र मूळ अवस्थेत असल्यास. मोठे टायर, उंच केलेले सस्पेन्शन आणि कापलेला पत्रा असलेल्या जिप्सी पुष्कळ आहेत, न छेडलेल्या थोड्याच उरल्या आहेत. हाच न्याय पहिल्या पिढीच्या होंडा सिटी व्हीटेकला आणि १५० हॉर्सपॉवरच्या ऑक्टाव्हिया आरएसलाही लागू पडतो. या दोन्ही वेगाच्या हौसेपोटी इतक्या बदलल्या गेल्या, की मूळ एअर फिल्टरचा डबा आणि मूळ सायलेन्सर जागेवर असणे हीच आता त्यांची मोठी जमेची बाजू झाली आहे.

चालवून पाहण्यापूर्वी विक्रेत्याला गाडी आधी सुरू न करण्याची विनंती करावी आणि पोहोचल्यावर बॉनेटला हात लावून ती थंड असल्याचे पाहावे. सकाळी थंड इंजिन कसे सुरू होते यावरून पुष्कळ कळते. त्यानंतर जुन्या कात्रज घाटातून न्यावी: चढावर तापमानाचा काटा कुठे स्थिरावतो ते पाहावे, आणि उतारावर गिअरमध्ये ठेवून खाली आल्यावर पुन्हा ॲक्सिलरेटर देताना निळा धूर निघतो का, हे मागून दुसऱ्या गाडीत येणाऱ्या मित्राला पाहायला सांगावे. तसा धूर व्हॉल्व्हच्या सीलमधून तेल जात असल्याची खूण असते.

आठवड्यातून एकदाच चालणाऱ्या गाडीचे दुखणे वेगळे असते. हल्ली पंपावर मिळणारे पेट्रोल २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. ते ओलावा धरते आणि जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही, त्यामुळे गाडी घेताच इंधनाच्या सर्व नळ्या बदलून घ्याव्यात. टायमिंग बेल्ट आणि टायर किलोमीटरवर न मोजता वर्षांवर मोजावेत; टायरच्या कडेवरील चार अंकांत आठवडा आणि वर्ष कोरलेले असते.

विम्याकडेही आधीच लक्ष द्यावे. पाच वर्षांवरील गाडीचे विमा-मूल्य कंपनी आणि मालक यांच्या सहमतीने ठरते, तेव्हा छायाचित्रे, बिले आणि मूल्यांकन अहवाल जोडून ते लेखी मान्य करून घ्यावे, अन्यथा नुकसान झाल्यास भंगाराच्या आसपासची रक्कम हाती येईल. आणि शक्य असेल तर पाहणी जुलै-ऑगस्टमध्ये करावी. जोराच्या सरीनंतर पायाखालचा गालिचा दाबून पाहिला, की काचेचे रबर आणि खालचा पत्रा यांच्याबद्दल विक्रेत्याला वेगळे विचारावे लागत नाही.