गोटीसोड्याची जुनी बाटली आतून कशी धुवावी

पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईत चोरबाजारातला मटण स्ट्रीट, अशा ठिकाणी ही बाटली मिळते. बाटली कोरडी बघूनच घ्या. विकणारा ओलं फडकं फिरवायला लागला की हात धरा त्याचा. का ते पुढे येईलच. आणि गोटी आहे म्हणून बाटली शंभर वर्षांची ठरत नाही. ही बाटली शोधणाऱ्या इंग्रज हायरम कॉडचं पेटंट १८७२चं असलं, तरी आपल्याकडे या बाटल्या आजही सोड्याला वापरात आहेत.

बाहेरून कोमट पाणी, भांड्यांचा साबण, मऊ ब्रश. झालं.

खरी झटापट आतली. मान चिमटलेली, वर गोटी अडकलेली. ब्रश जात नाही आणि जबरदस्तीने घातला तर निघत नाही. मला कुणीतरी सांगितलं, "वाळू घाला आणि हलवा." वाळू काचेपेक्षा कठीण असते हो! ती बाटली अजून माझ्याकडे आहे, उन्हात धरली की आतले ओरखडे मोजता येतात. वाळू नको, खडे नकोत. तांदळाची कणी घ्या. अख्खा तांदूळ गोटीपाशी तुंबतो. मूठभर कणी, साबणाचं पाणी, आणि बाटली गरगर फिरवायची. जोरात हिसडू नका, गोटी मानेवर आपटून चीर जाते. उकळतं पाणी तर गार बाटलीत कधीच ओतू नका.

एवढं करूनही वाळल्यावर पांढुरकी झाक राहिली, तर लिंबूसत्त्व (सायट्रिक ॲसिड). कोमट पाण्यात दोन-तीन चमचे विरघळवून बाटली काठोकाठ भरा, रात्रभर ठेवा. झाक कमी झाली म्हणजे तो जड पाण्याचा क्षार होता, पुन्हा भरा. तीन रात्रींनंतरही जशीच्या तशी असेल तर काचच गेलेली आहे. वर्षानुवर्षांच्या ओलाव्याने काचेतला सोडा (पिण्याचा नव्हे, काच बनवताना घालतात तो) ओढून घेतला आणि पृष्ठभाग खाल्ला गेला. त्यावर घरातलं कुठलंही ॲसिड चालत नाही. अशी काच ओली केली की स्वच्छ दिसते, वाळली की पुन्हा धुरकट. म्हणून ते ओलं फडकं! काहीजण तेलही चोळतात. मशीनवर तांब्याच्या तुकड्यांनी घासून चकचकीत करून देणारे असतात, पण त्यात काचेवरची उठावाची अक्षरं बोथट होऊ शकतात. मी करत नाही. धुरकट तर धुरकट.

संडास धुवायचं ॲसिड आणू नका. ब्लीच तर ॲसिडच्या जवळही नको, दोन्ही मिसळून विषारी वायू होतो.

तोंडातली रबराची रिंग कुजली असेल तर भिजवून लाकडी काडीने काढा. स्क्रू-ड्रायव्हरने बाटलीच्या ओठाचा टवका उडतो.

पाणी काढताना बाटली सरळ उलटी केलीत तर गोटी येऊन तोंड बंद करते. मानेच्या एका बाजूला दोन खळगे असतात, ती बाजू खाली ठेवून तिरकी करा; गोटी तिथे अडकते आणि पाणी वाहतं. तशीच तिरकी टेकवून दोन-तीन दिवस सावलीत वाळू द्या.