पायझोकॅटॅलिसिसचा पहिला प्रयोग लावताना

पायझोकॅटॅलिसिस म्हणजे स्फटिकावर यांत्रिक ताण देऊन रासायनिक अभिक्रिया घडवणं. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी हा विषय घेतलात, तर बेरियम टायटॅनेटची पावडर आणि ऱ्होडामिन बी हा रंग घेऊन सुरुवात करा. स्फटिकावर ताण आला की त्याच्या दोन बाजूंवर विरुद्ध विद्युतभार येतो. त्या भारामुळे पाण्यात सुपरऑक्साइड आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल (अतिशय क्रियाशील कण) तयार होतात, आणि ते रंगाचा रेणू तोडतात.

पावडरीची आधी एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचनेची तपासणी) करून घ्या. ४५ अंशांजवळचं शिखर दुभंगलेलं दिसलं तर रचना टेट्रागोनल (एका दिशेने किंचित ताणलेली), म्हणजे कामाची. फार बारीक कणांत तिथे एकच शिखर दिसतं. अशी पावडर क्यूबिककडे (तिन्ही दिशांनी सारख्या रचनेकडे) झुकलेली असू शकते, आणि क्यूबिक रचना पायझोइलेक्ट्रिक नसते, म्हणजे ताण दिला तरी तिच्यावर भार येत नाही.

५ मिग्रॅ प्रतिलिटर रंगाचं १०० मिलि द्रावण घ्या, त्यात १०० मिग्रॅ पावडर टाका. प्रकाश लागू नये म्हणून बीकरला फॉइल गुंडाळून तासभर ढवळत ठेवा. रंग नुसता कणांना चिकटूनही कमी होतो, म्हणून शून्य मिनिटाचं रिडिंग यानंतरचं. मग ४० किलोहर्ट्झच्या अल्ट्रासोनिक बाथमध्ये (यातला ध्वनी कणांवर ताण देतो) ठेवून दर १५ मिनिटांनी २ मिलि नमुना काढा, सेंट्रिफ्यूज करा आणि ५५४ नॅनोमीटरला शोषण मोजा. पावडर नीट खाली बसली नसेल तर प्रकाश विखुरतो आणि रिडिंग फुगतं. बाथ तापतो, बर्फ घालून तापमान स्थिर ठेवा. बीकरची जागा आणि बाथमधली पाण्याची पातळीही बदलू नका, कारण ध्वनीची तीव्रता सगळीकडे सारखी नसते.

खरी मेहनत ब्लँकवर, म्हणजे तुलनेसाठीच्या प्रयोगांवर, घ्या. पावडरीशिवाय ध्वनी, ध्वनीशिवाय पावडर, हे दोन सगळे लावतात. तिसरा बहुतेक जण टाळतात: तेवढ्याच आकाराच्या, पायझोइलेक्ट्रिक नसलेल्या पावडरीसोबत ध्वनी. ध्वनीने पाण्यात फुटणारे बुडबुडे स्वतःच रॅडिकल तयार करतात, आणि कुठलेही घन कण असले की बुडबुडे वाढू शकतात. हा ब्लँक नसेल तर श्रेय पायझो परिणामाला देता येत नाही.

पूर्ण स्पेक्ट्रम घ्या. शिखर ५५४ वरून ४९८ कडे सरकलं, तर रेणूचे इथाइल गट गळालेत, मूळ सांगाडा शाबूत आहे. रंग उडाला तरी सेंद्रिय कार्बन किती उरला हे टीओसी (एकूण सेंद्रिय कार्बन) मोजल्याशिवाय कळत नाही. आम्लधर्मी पाण्यात बेरियमही सुटतं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा ०.७ मिग्रॅ प्रतिलिटर आहे, त्यामुळे गाळलेल्या पाण्यातलं बेरियम आयसीपीवर (पाण्यातले धातू मोजणाऱ्या उपकरणावर) तपासूनच घ्या.