डॅन्यूब क्रूझवर जाताय? या चुका टाळा

ऑस्ट्रियातला मेल्क ते व्हिएन्ना हा डॅन्यूब क्रूझचा सगळ्यात सुंदर टप्पा आणि आपले लोक नेमका हाच वाया घालवतात, दरवेळी ग्रुप घेऊन गेले की तेच, म्हणून लिहितेय.

सकाळी मेल्कचा मठ बघून पाय दुखायला लागतात, मग भरपेट जेवण, आणि जे केबिनमध्ये आडवे होतात ते थेट क्रेम्सला उठतात. अहो, मधला ३६ किलोमीटरचा पट्टा म्हणजेच तर वाखाउ, २००० साली युनेस्कोच्या यादीत आलेलं खोरं! बोट प्रवाहाबरोबर जाते, दोन तासांच्या आत सगळं मागे पडतं. मी सूप पिऊन उठते आणि जॅकेट घालून डेकवर जाते. आधी उजवीकडे आग्श्टाइनचा पडका किल्ला, मग डावीकडे श्पिट्झचे द्राक्षांचे मळे आणि ड्युर्नश्टाइनचा निळा-पांढरा टॉवर, त्याच्यावर डोंगरात इंग्लंडच्या राजा रिचर्डला ११९२ च्या हिवाळ्यात कैदेत ठेवलेला किल्ला. व्हिडिओ कॉल नंतर करा, आधी स्वतः बघा.

दुसरी चूक म्हणजे बोट सोडली तिथेच सापडेल असं धरून चालणं. आमच्या ग्रुपमधले एक काका-काकू व्हिएन्नात श्टेफान्सप्लाट्झला कॉफी पिऊन निवांत यू-वन मेट्रोने राइख्सब्रुकेच्या धक्क्यावर आले, तर तिथे भलत्याच बोटी. आमची दुपारीच नदीच्या वरच्या अंगाला नुसडॉर्फला हलवली होती. आदल्या रात्री केबिनमध्ये आलेल्या कागदावर ते छापलेलं होतं, सकाळी मी सांगितलंही, तेव्हा काका "आम्ही बघतो हो मॅडम" म्हणत घाईने बाहेर. फोन चार्जिंगला केबिनमध्ये, पासपोर्ट बोटीच्या रिसेप्शनला. शेवटी तिथल्या एका बोटीवरच्या मुलीने आमच्या बोटीला फोन लावून दिला म्हणून टॅक्सीने पोचले, गँगवे (बोटीवर चढायचा छोटा पूल) काढायची वेळ झाली होती आणि काकू अक्षरशः थरथरत होत्या. ही घाई मला अजिबात पटत नाही, पाच मिनिटं ऐकून घेतलं असतं तर एवढं झालंच नसतं. मी रात्रीच त्या कागदाचा फोटो काढते, शिवाय धक्क्याचं नाव, बोटीचा फोन नंबर, परतायची वेळ चिठ्ठीवर लिहून पर्समध्ये ठेवते, कारण बॅटरी ऐन वेळी संपते.

बाकी छोट्या गोष्टी. बोटी एकमेकींना चिकटून लावतात, दुसरीच्या लॉबीतून जावं लागतं, तेव्हा आपल्या बोटीचं नाव पाठ हवं, आणि केबिनचा पडदा ओढून ठेवा, समोर कुणाची तरी खिडकी असते. उतरताना बोटीने दिलेलं स्वतःचंच ओळखीचं कार्ड न्या, नवरा-बायकोत अदलाबदल नको. ड्युर्नश्टाइनला दगडी रस्ते, नव्या कोऱ्या चपला नकोत. रविवारी ऑस्ट्रियात दुकानं बंद, खरेदी आदल्या दिवशी उरका.

आणि रील बघून व्हिएन्नात अर्ध्या दिवसात शोनब्रुन आणि बेल्वेडेअर हे राजवाडे, प्राटरची बाग सगळं करायला जाऊ नका, एक निवडा. क्लिम्टचं 'द किस' हे चित्र बघायचंय? मग अप्पर बेल्वेडेअरचं वेळेचं तिकीट आधीच ऑनलाइन काढा आणि बोटीची वेळ बघूनच स्लॉट घ्या.