अमृत कोकम: साखर बरणीत नाही, पेल्यात कमी करा

‘अँटिऑक्सिडंट’ म्हटलं की हल्ली लोक महागड्या ब्लूबेरीकडे धावतात. कोकणात एप्रिल-मेमध्ये झाडाखाली लालभडक रातांब्यांचा, म्हणजे कोकमाच्या फळांचा, सडा पडतो, त्याच्या सालीतला लाल रंग त्याच घराण्यातला, अँथोसायनिन. अमृत कोकम म्हणजे याच साली साखरेत मुरवून काढलेला, पाण्यात मिसळून प्यायचा अर्क. त्यात हा रंग टिकवला तर कष्टांचं चीज, नाहीतर नुसतं आंबट-गोड पाणी. जास्त उष्णता आणि उजेड हे त्याचे दोन शत्रू. म्हणून ‘साली उकळून दहा मिनिटांत कोकम सरबत’ सांगणाऱ्यांच्या नादी लागू नका.

पूर्ण पिकलेले, न फुटलेले रातांबे आणा, धुवा, अर्धे कापा, बिया आणि पांढरा गर काढा. बिया वाळवून ठेवल्या तर कोकमतेल निघतं, पण ते काम वेगळं. सालींचं वजन करा. एक किलो सालींना दोन किलो साखर.

आता गाडी इथेच अडते. दोन किलो ऐकून प्रत्येकाचा जीव वरखाली होतो. माझाही झाला होता. पहिल्या वर्षी ‘तब्येतीसाठीच करतोय ना’ म्हणून मी साखर निम्मी केली. पाचव्या दिवशी बरणीत बुडबुडे आणि दारूचा वास. सगळं माडाच्या मुळाशी ओतलं. दुसऱ्या वर्षी साखर पुरेशी घातली, पण धुतलेले रातांबे ओलेच कापले. वर तरंगणाऱ्या सालींवर पांढरी बुरशी आली. तीही बरणी गेली.

साखर इथे गोडीपुरती नसते. ती सालीतला रस बाहेर ओढते आणि जंतूंना लागणारं पाणी त्यांच्या हाती लागू देत नाही. साखर कमी पडली किंवा वरून पाणी मिसळलं की आंबणं सुरू. म्हणून एकेक रातांबा कापण्याआधी फडक्याने कोरडा करा, पुसून पंख्याखाली तासभर ठेवा. सुरी, पाट, हात, बरणी सगळं खडखडीत कोरडं. सालीच्या प्रत्येक वाटीत साखर भरून ती बरणीत उताणी रचा, वरून साखरेचा जाड थर द्या. साली साखरेबाहेर डोकावता कामा नयेत.

बरणी चिनीमातीचीच घ्या. काचेची उन्हात ठेवली की सुंदर दिसते, पण सालीचा रंग उजेडानेच उडतो. आपल्याला उन्हाची ऊब हवी, प्रकाश नको. ॲल्युमिनियम किंवा पितळ तर नकोच, आंबट रस भांडं खातो. तोंडाला दादरा, म्हणजे स्वच्छ फडकं, बांधा, दिवसा उन्हात, रात्री घरात. रोज एकदा कोरड्या लाकडी डावाने तळाची साखर वर आणा आणि तरंगणाऱ्या साली खाली दाबा. एक दिवस चुकला तर वरच्या साली कोरड्या पडतात आणि बुरशी तिथूनच येते. ‘महिनाभर उन्हात ठेवा’ म्हणणाऱ्यांना मी हात जोडते, आठवडा-दहा दिवस पुरतात. साखर विरघळली, साली आकसल्या की झालं.

गाळा, बाटलीत भरा, फ्रिजमध्ये ठेवा. जिरेपूड आणि मीठ मी पेल्यातच घालते.

आता तब्येतीचं. दोन टेबलस्पून अर्कात २० ग्रॅमच्या पुढे साखर जाते, म्हणून पेला एकच, आणि अर्क कमी, पाणी जास्त. मधुमेह असेल तर अमृत कोकम विसरा, बिनसाखरेचं आगळ, म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला रस, घ्या. रक्तदाब असेल तर आगळातलं मीठ नडतं, मग आमसुलं पाण्यात भिजवून ते पाणी प्या, पण आमसुलांनाही मीठ लावलेलं असतं, तेव्हा आधी धुऊन घ्या. चरबी वितळते, रक्त शुद्ध होतं वगैरे मी सांगणार नाही. परीक्षानळीत अँटिऑक्सिडंट जे करतं तेच पोटात गेल्यावर करतं असं धरून चालता येत नाही. उन्हातून आलेल्याला बाटलीबंद सोड्याऐवजी हा पेला द्या, एवढंच माझं म्हणणं.

विकतच्या बाटलीवर संशय असेल तर पातळ केलेल्या सरबतात चिमूटभर खायचा सोडा टाकून बघा. खरा रंग निळसर-हिरवट होतो. तसाच लालभडक राहिला तर तो रंग बहुधा कारखान्यातला.

गाळून उरलेल्या साली फेकू नका. आमटीत दोन टाकल्या की गुळाचं काम होतं. आमच्याकडे तर त्या आमटीपर्यंत पोचतच नाहीत, मुलं बरणीतूनच संपवतात.