कुंचीच्या कडेला आठ टोकांचा कॉप्टिक तारा: गावंतीने (दुहेरी धावदोऱ्याने) भरायची रीत

इजिप्तच्या कोरड्या वाळूत पुरलेले ३ ऱ्या ते ७ व्या शतकातले लिननचे (जवसाच्या झाडाच्या धाग्याचे) अंगरखे, ज्यांना कॉप्टिक कापड म्हणतात, आजही बऱ्यापैकी शाबूत आहेत. साधं वापरायचं कापड असो नाहीतर श्रीमंताघरचं, नक्षी बहुतेक ठरलेल्या जागी असते: गळा, मनगट, खांदे, गुडघ्याजवळचा भाग आणि खालची कड. वाईट नजर कपड्याच्या तोंडातून आत शिरते, म्हणून तिथं राखण हवी, असा या मांडणीचा अर्थ अभ्यासक लावतात. एकमेकांत गुंतलेल्या रेषा, गाठी, आठ टोकांचे तारे हे त्या राखणीचे आकार. बाळाच्या कपाळाला तीट लावणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

कुंचीचं तोंड म्हणजे बाळाच्या चेहऱ्याभोवतीची कड. (कन्नड शेजारणी कुंचीलाच कुलावी म्हणतात.) ताऱ्यांची पट्टी तिथंच लावायची. डोक्याच्या मागं कितीही सुंदर भरलं तरी ती नुसती शोभा. राखणीची जागा पुढची.

कुंची ज्या खणाची शिवतो त्याचे धागे बारीक आणि दाट, त्यावर टाके मोजता येत नाहीत. म्हणून पट्टी वेगळी भरून मग खणावर लावा. इंचाला १४ घरं (विणीतले चौकोन) असलेलं मॅटी कापड आणा, पांढरट रंगाचं. बेळगावच्या खडेबाजारात किंवा गणपत गल्लीत विचारताना घरं मोजूनच घ्या. ११ घरांचं मॅटी घेतलंत तर तारा मोठा होतो आणि खालचा सगळा हिशोब चुकतो. पट्टी १२ इंच लांब, २ इंच रुंद. सहापदरी सुती धाग्यातले २ पदर काढायचे, सुई बोथट टोकाची. रंग जांभळा आणि लाल. कॉप्टिक विणकरांचा जांभळा बहुतेक वेळा समुद्री शिंपल्याचा नसून मंजिष्ठेच्या कुळातल्या मुळाचा लाल आणि निळीचा निळा मिळून केलेला असे, त्यामुळे हे दोन रंग शेजारी शोभतात. लाल धागा आधी ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून बघा. फडक्याला रंग लागला तर तो धागा बाजूला ठेवा.

१२ इंचात १६८ घरं येतात. तारा १४ घरांचा, दोन ताऱ्यांत ६ घरं मोकळी. ८ तारे बसतात आणि दोन्ही टोकांना ७-७ घरं, म्हणजे अर्धा इंच, दुमडायला आणि बंद शिवायला उरतं. सुरुवात टोकाकडून करू नका. पट्टीचा मध्य काढा, त्याच्या दोन्ही बाजूंना ३-३ घरं सोडा आणि तिथून बाहेरच्या बाजूला भरत जा. वर-खाली प्रत्येकी ७ घरं मोकळी राहिली पाहिजेत.

तारा म्हणजे दोन चौकोन, एक सरळ, एक तिरका. सरळ चौकोन जांभळ्यात, प्रत्येक बाजू १० घरांची (ताऱ्याच्या १४ घरांत चारही बाजूंना २-२ घरं सोडून). धावदोरा घालत जा: एक घर कापडाच्या वरून, एक घर खालून. एकूण ४० टाके होऊन सुई निघाल्या कोपऱ्यात परत येते. आता नीट लक्ष द्या. पुढच्या फेरीला त्याच दिशेने जायचं नाही, उलट फिरायचं. मघाशी जे घर मागून गेलं ते आता पुढून भरतं. त्याच दिशेने गेलात तर टाक्यांची संख्या सम असल्यामुळे मागं एक धागा दोन घरं ओलांडून सैल पडतो, आणि धुण्यात तोच पहिला ओढला जातो.

तिरका चौकोन लाल. सरळ चौकोनाच्या वरच्या बाजूचं मधलं भोक शोधा, तिथून २ घरं वर ताऱ्याचं टोक. तिथून उजवीकडे उतरते ७ तिरके टाके घाला, एका टाक्याला एक घर आडवं, एक खाली. दुसऱ्या आणि पाचव्या टाक्याच्या शेवटी सुई जांभळ्या चौकोनाच्याच भोकात पडली पाहिजे. पडली नाही तर तिथंच उसवा. पुढं जाऊन ती चूक सावरत नाही. चारही बाजू मिळून २८ टाके, परत उलट फेरी. दोन्ही रंग आठ ठिकाणी एकाच भोकातून जातात. तिथं आधीचा धागा फाटू नये म्हणूनच बोथट सुई.

एका चौकोनाला ३० सेंटीमीटर धागा पुरतो. सुरुवातीला गाठ मारू नका, ५ सेंटीमीटर शेपूट सोडा आणि शेवटी मागच्या चार-पाच टाक्यांखालून काढून कापा. मागं गाठ राहिली तर ती बाळाच्या कपाळाला टोचते आणि इस्त्री केली की पुढून फुगवटा दिसतो. धागा फार आवळला तर भोकं मोठी होतात, ताऱ्याच्या टोकांना ती लगेच दिसतात. प्रत्येक टाका कापडावर नुसता टेकेल इतकाच ओढा.

भरून झाल्यावर लांब कडा अर्धा-अर्धा इंच आत दुमडा. उरलेली १ इंच पट्टी, म्हणजे ताऱ्याच्या टोकापासून टोकापर्यंत, कुंचीच्या कडेवर हातशिलाईने लावा. मशीनची शिलाई नको. इजिप्तमध्ये अंगरखा विरला की त्यावरचे नक्षीचे तुकडे कापून नव्या कपड्यावर लावत. आपला खणही बाळाच्या लाळेने आणि धुण्याने आधी विरतो, भरतकाम टिकतं. हातशिलाई असली की पट्टी सहज उसवून धाकट्याच्या कुंचीला लागते.